ताईंची तीनचाकी

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू दुकानातून आणली तशी वापरलेली नाही. वस्तू घरात आली की ते आधी ती उलटी करून बघतात, मग चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "कंपनीने इथे घाई केलीय." एवढं वाक्य कानावर पडलं की घरातली माणसं त्या वस्तूची आशा सोडून देतात. त्यांच्या मिक्सरला स्कूटरचं बटण आहे. छत्रीच्या दांड्यात टॉर्च आहे आणि ती छत्री उघडायला दोन माणसं लागतात. दाराच्या घंटेत तर त्यांनी अशी काही सुधारणा केली आहे, की बटण दाबलं की घंटा वाजत नाही, बैठकीतला पंखा थांबतो. पंखा थांबला की समजायचं, कोणीतरी आलंय. वीज गेली की त्या घरातली सगळी माणसं दार उघडायला उठतात. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी मशीनच्या देखभालीचं काम केलं. तिथल्या परदेशी यंत्रांत ढवळाढवळ करायला बंदी होती. ती सगळी उपासमार ते निवृत्तीनंतर भरून काढत होते.

या माणसाशी संसार केला तो ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने. ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि आख्ख्या पंचवटीला त्या सायकलवाल्या बाई म्हणून माहीत होत्या. शाळा सायकलवर, बँक सायकलवर, गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, भाजीबाजार सायकलवर. नवऱ्याला सायकलला हात लावायची परवानगी नव्हती. "घरात एक तरी वस्तू चालू राहू दे," असं त्या म्हणत.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता, वेळेवर दवाखान्यात नेलं, बोलणं-चालणं परत आलं. पण डावा पाय जरा मागे राहिला आणि तोल गेला तो गेलाच. सायकल बंद. ताई तरीही रोज सकाळी काठी टेकत पडवीत जायच्या, सायकल फडक्याने पुसायच्या आणि आत येऊन बसायच्या. साडूंनी त्या काळात घर ताईंसाठी बदलून टाकलं. भिंतीभिंतीला धरायला नळ्या आल्या, प्रत्येक खोलीत हाक मारायची घंटा आली. या घंटा वाजत असत. चालू आहेत ना हे बघायला साडू रोज त्या स्वतःच वाजवायचे, आणि सगळी गल्ली दचकून उठायची. ताईंनी मात्र त्यांतली एकही कधी वाजवली नाही. त्या घरात तेव्हा बोलणं म्हणजे औषधाची वेळ आणि बीपीचा आकडा, एवढंच उरलं होतं.

एक दिवस कांद्याच्या टेम्पोतून एक तीनचाकी सायकल दारात उतरली. मोठ्या माणसांसाठी असते तशी, मागे दोन चाकं आणि त्यांच्या मधोमध ही एवढी टोपली. पिंपळगाव बसवंतच्या एका ओळखीच्या बागायतदाराने ती वडिलांसाठी घेतली होती आणि वडिलांनी तिच्यावर बसायला साफ नकार दिला होता. टोपलीतली कांद्याची सालपटं झटकून ताई तिच्यावर बसल्या, आणि कॉलनीला एक चक्कर मारून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी पाहिला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या. जाताना उतार होता. येताना चढावर डावा पाय थांबला. दोन भाजीवाल्यांनी मागून ढकलत त्यांना वरपर्यंत आणून सोडलं. ताईंनी गाडी पडवीत लावली आणि म्हणाल्या, "गाडी छान आहे हो. पण मला नको."

 साडूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

त्यानंतर पडवीत कोणाला पाय ठेवायला जागा उरली नाही. पुढचं चाक निघालं आणि त्या जागी पोटात मोटर असलेलं जाडजूड चाक आलं. टोपलीखाली बॅटरी बसली. हँडलला अंगठ्याने दाबायची मूठ आली. बाकीच्या वायरी कशाकशासाठी होत्या ते साडूंनी मला तीनदा समजावून सांगितलं आणि मी तीनदा मान हलवली. पहिल्या चाचणीला ते स्वतः बसले. ताई ओट्यावर खुर्ची टाकून बघत होत्या. साडूंनी अंगठा दाबला आणि गाडी जोरात मागे गेली. फाटकातून मागे, रस्ता ओलांडून मागे, आणि समोरच्या बंगल्यापुढे वाळत घातलेल्या पापडांत जाऊन थांबली.

"अहो," ताई ओट्यावरून म्हणाल्या, "बाजार इकडे आहे."

"दोन वायरी उलट्या लागल्यात," पापडांतून आवाज आला. "पण ओढ बघितलीस का!"

दुसऱ्या चाचणीला मला बसवलं. "तीन चाकं आहेत साडूभाऊ, पडायचा प्रश्नच नाही," असं सांगून बसवलं. सरळ रस्त्यावर गाडी खरोखर देखणी पळाली. वळणावर मात्र तिचं आतलं चाक उचललं, आणि मी मेंदीच्या कुंपणात बसून आहे आणि गाडी माझ्या मांडीवर आहे, असं दृश्य तयार झालं. साडू धावत आले. मला वाटलं होतं ते आधी बॅटरी बघतील. पण ते मला उठवून रस्त्यातच उभे राहिले, त्या वळणाकडे बघत. चेहरा पांढरा पडला होता. "इथे ती असती तर," एवढंच म्हणाले.

त्या दिवसानंतर या माणसाने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. एक वस्तू मुद्दाम हळू केली. गाडीचा वेग त्यांनी इतका बांधून टाकला की शेजारून माणूस झपाझप चालत येऊ शकेल. ब्रेक ताईंच्या चांगल्या, उजव्या हाताकडे घेतला. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद. नदीवरून वर येणाऱ्या चढावर टोपलीत तांदळाची पोती ठेवून ते रोज सकाळी गाडी चढवत आणि उतरवत. लोकांना वाटलं, म्हातारपणी तांदळाचा धंदा काढला.

ताई अखेर बाजारात जायला लागल्या, आणि त्यांच्या मागे, स्कूटरवरून, साडू. "डावीकडे घे! खड्डा! ब्रेक, ब्रेक!" असा तो जथा बाजारात शिरायचा. कोथिंबीरवाली मावशी विचारायची, "काकू, मागं बॉडीगार्ड हाय का तुमचा?" ताई पहिल्यांदा हसल्या. मग हसेनाशा झाल्या. आणि एका सकाळी त्यांनी भर बाजारात गाडी थांबवली, मागे वळल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मला गाडी दिलीत, की मागे पहारा लावलात?"

साडूंनी स्कूटर वळवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्या निघाल्या. साडू फाटकाशी उभे राहिले. भाजी घेऊन परत यायची वेळ झाली, टळली. त्यांनी फोन लावला तर तो स्वयंपाकघरात वाजला. मग मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा स्कूटर चालू होती आणि साडूंच्या पायात चपला वेगवेगळ्या होत्या.

बाजारात कोथिंबीरवाली मावशी म्हणाली, "त्या तर मघाशीच गेल्या. मखमलाबादला मैत्रीण हाय म्हनल्या, लय दिवस भेट नाय. अहो, एवढं काय घाबरता?"

मखमलाबादच्या रस्त्याला लागेपर्यंत साडू मागच्या सीटवर अखंड बोलत होते. चढ किती, वजन किती, बॅटरी कुठे संपेल, टेम्पो कसे अंगावर येतात. आणि अचानक त्यांनी माझा खांदा दाबला. "थांब. बाजूला घे."

समोरून ताई येत होत्या. पदर खोचलेला, टोपलीत मेथी आणि पेरू, मागे हॉर्न वाजवणाऱ्या मोटरसायकली, आणि त्यांतल्या कोणाचीही पर्वा नाही. चढ संपला तसा त्यांनी अंगठा सोडला आणि पायडल मारायला लागल्या. उजवा पाय जोरात, डावा जरा रेंगाळत. काहीतरी गुणगुणत होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं.

"नको," साडू म्हणाले. "जाऊ दे तिला."

आम्ही दोघं रसवंतीच्या ताडपत्रीआड उभे राहिलो, शाळा बुडवलेल्या पोरांसारखे. ताई आमच्या समोरून गेल्या. वळण आलं तसा साडूंचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. ताईंनी ब्रेक दाबला, हळूच वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग साडूंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि रसवंतीवाल्याला दोन ग्लास सांगितले. "ती आधी घरी पोचू दे," म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा ताई मेथी निवडत बसल्या होत्या. "कुठे गेला होतात?" त्यांनी विचारलं. "जरा पाय मोकळे करायला," साडू म्हणाले. ताईंनी त्यांच्या वेगवेगळ्या चपलांकडे पाहिलं आणि पेरू कापायला घेतला.

आता त्या रोज जातात आणि रोज काहीतरी सांगायला घेऊन येतात. मैत्रिणीला कमी ऐकू येतं, द्राक्षाच्या बागेत इमारत उभी राहतेय, जुना विद्यार्थी भेटला, त्याचे केस पांढरे झालेत. साडू ऐकत बसतात. हातात पकड नसते, पाना नसतो. ताई सांगताना मध्ये थांबल्या तर ते म्हणतात, "मग?"

परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताई बाहेर गेल्या होत्या. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी सहज विचारलं, "किती वर्षं चालेल हो ही गाडी?"

"मोटरला काही होत नाही," ते म्हणाले. "बॅटरी तेवढी हळूहळू दमते. पण बॅटरी बदलता येते, साडूभाऊ."

 ऊन उतरत होतं. मग ते उठले, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं नाही, तीन कपांचं, आणि फाटक उघडून ठेवायला बाहेर आले.