बन्यामीनमामांच्या गार खोल्या

कुरकुंभात दबक्या आवाजात एक गोष्ट फिरायची. बन्यामीनमामांच्या चार खोल्यांखाली म्हणे मिशनच्या काळातला एक गोरा साहेब पुरलेला आहे, आणि त्याचा गारवा वर येतो म्हणून त्या खोल्या भर मे महिन्यात थंड असतात. सांगणारा प्रत्येक जण शपथेवर सांगायचा, आणि साहेबाचं नाव विचारलं की चहा मागवायचा. मामा ना हो म्हणायचे, ना नाही.

मामांची एकतीस वर्षं दौंडच्या बर्फाच्या कारखान्यात गेली. लादी ओढायची, भाताच्या तुसात झाकायची, ऊन लागू द्यायचं नाही. त्या नोकरीनं त्यांना एक खोड लागली. कुणाकडे गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी भिंतीला तळवा लावून बघायचे. कुणाची भिंत किती वाजता तापते आणि कधी निवते हे त्यांना गावातल्या भानगडींपेक्षा जास्त ठाऊक. आणि भानगडी काही त्यांना कमी ठाऊक नव्हत्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कुरकुंभच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी भाड्याच्या या खोल्या बांधल्या. वर साधा पत्रा. काही वर्षांनी समोरच पोपटरावांनी तीन मजली इमारत उठवली. बारा खोल्या, स्लॅब, तोंड दिसेल अशी फरशी आणि मावळतीला ह्या एवढाल्या काचेच्या खिडक्या. पाडव्यापर्यंत इमारत भरलेली, उन्हं तापली की रिकामी. नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी, आणि तिथला पंखा दुपारी भट्टीचा वारा घालायचा. एसी लावावा तर विजेचं बिल भाड्याला गिळून टाकणार. त्यात उन्हाळा वर्षागणिक लांबत चाललेला. मग पोपटरावांचे भाडेकरू वळकटी उचलून रस्ता ओलांडायचे आणि मामांच्या दारात नंबर लावायचे. खाली साहेब असला तर असू दे, म्हणायचे, झोप तर लागते.

यंदा मामांची लेक प्रिन्सी हडपसरहून आली ती ठरवूनच. वय झालं, खोल्या विका, माझ्याकडं चला. पोपटराव टपलेलेच होते. त्यांना गाड्या लावायला जागा हवी होती. ते म्हणाले, पत्र्याची किंमत शून्य, द्यायची ती नुसत्या जागेची, आणि खाली कबर म्हटल्यावर तीही अर्धी. प्रिन्सी हो म्हणायच्या बेतात आली. मामांचा जीव त्या खोल्यांत अडकलेला, पण लेकीच्या मायेपुढं बापाचं काय चालतंय? त्यांनी एकच अट घातली.

“पोपटराव, घ्यायच्या तर घ्या. पर आधी दुपारी दोनला येऊन घटकाभर पडा. म्हैससुद्धा पिळून बघितल्याबिगर घेत न्हाईत तुम्ही.”

साहेबाचं कुतूहल पोपटरावांना कधीचं होतंच. दुसऱ्या दिवशी ते आले, दार लोटून घेतलं आणि आधी जमिनीला कान लावला. मग तळवा. मग फरशीवर टिचक्या मारून पाहिल्या. फरशी आपली फरशीसारखी. तेव्हा ते नीट विचार करायला म्हणून खाटेवर आडवे झाले, आणि साडेचारला जागे झाले ते दाराबाहेर जमलेल्या मामा, प्रिन्सी आणि भाडेकरूंच्या हसण्यानं. शेजारच्या खोलीतला बिहारी ऑपरेटर हात जोडून उभा होता. “सेठजी, आप सो लिये, अब हमको भी सोने दीजिए.” घोरणं चारही खोल्यांत पोहोचलं होतं.

ओशाळलेल्या पोपटरावांनी बघायचं म्हणून वर बघितलं. छताला बांबूचे तट्टे. खाटेवर उभं राहून त्यांनी केरसुणीच्या बुडख्यानं ढोसलं, तर ओंजळभर तूस तोंडावर.

“मामा, ह्यो काय परकार?”

“बर्फ झाकतात तसं माणूस झाकलाय. पत्र्याला वरनं चुना, खाली वीतभर तूस. उन्हाला आत यायला वाटच ठेवली न्हाई.”

“आन् साहेब?”

“साहेबाचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या स्लॅबवर काय हाय ते सांगा.”

स्लॅबवर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

मिशीतलं तूस झटकत पोपटरावांनी तिथल्या तिथं भाव दुप्पट केला. प्रिन्सीनं विचारलं, काल शून्य असलेला पत्रा आज एकदम एवढा कसा वधारला? झोपेतून उठलेला माणूस खोटं बोलायला थोडा वेळ घेतो.

“ताई, उन्हाळ्यात जी खोली भरलेली असती तीच खोली. माझ्या बारा रिकाम्या हायत.”

प्रिन्सीनं बापासारखाच भिंतीला तळवा लावला.

“मग विकायच्या कशाला? मीच येत जाईन रविवारी.”

खोल्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात मामा पोपटरावांच्या गच्चीवर छत्री घेऊन उभे होते आणि खुद्द मालकाच्या हातून चुन्याचे हात मारून घेत होते. मध्येच खाली वाकून मावळतीच्या काचा दाखवून विचारत होते, ह्या अकलेचे किती पैसे पडले?

राहिली कबर. खोल्या बांधल्या त्या वर्षी मामांनी अंगणात माणसाच्या लांबीचा खड्डा खणला होता. पत्र्याला लावायचा कळीचा चुना त्यात भिजत घातला, आणि काम झाल्यावर खड्डा मातीनं बुजवला; गावानं त्याची कबर केली आणि बोलता बोलता ती खोल्यांखाली सरकवली. त्यात कुणालाही पुरलेलं नाही.