विहिरीतला पोस्टमन आणि कापड्याची गाडी

इंटरव्हल संपायला पाच मिनिटं होती आणि केबिनच्या दारात दोन बायका उभ्या होत्या. मी महाडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. केबिनमध्ये बाहेरच्यांना मनाई होती.

"ऑपरेटर, त्यांचं लगीन होतं का नाय, तेवढं सांग रे," मोठी म्हणाली.

"सांगू नका," धाकटी म्हणाली. "मला बघायचंय."

ही सुमन, जवळच्या कापडे गावच्या शाळेतली शिक्षिका. मोठी तिची आत्या.

"आजचा तिसरा शनिवार," सुमन म्हणाली. "दर वेळी तो पोस्टमन विहिरीत पडतो आणि आम्हाला शेवटची एस.टी. गाठायला उठावं लागतं. दोन आठवडे बिचारा विहिरीतच आहे."

पिक्चर गमतीचा होता. पोस्टमन रोज दारात यावा म्हणून एक मुलगी स्वतःलाच पत्रं लिहिते. उद्या पिक्चर उतरणार होता. रिळं मुंबईला परत जायची होती.

पिक्चर अशा सुट्या रिळांमध्ये येतो. एक मशीन चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवायचं. क्रम चुकला तर नोकरी जाऊ शकते. मी डब्यांकडे पाहिलं. मग शेवटचं रीळ उचललं.

इंटरव्हल संपला आणि पडद्यावर थेट वरात निघाली. मॅनेजर धापा टाकत वर आले.

"अरे, लग्न कसं झालं? आत्ता तर ती त्याच्याशी बोलतही नव्हती!"

"रीळ चुकलं, साहेब."

"बंद कर!"

"बंद केलं तर पब्लिक खुर्च्या मोडेल."

त्यांनी खाली पाहिलं. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. ते तसेच जिना उतरून गेले.

वरातीनंतर मी राहिलेली रिळं लावली. सव्वापाचला कापड्याची मंडळी उठली. जाता जाता आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता पडंल बघा विहिरीत! पण घाबरू नका, निघतो वर!"

पोस्टमन पडला. रिळं संपली. दिवे लागले, पण कोणी जागचं हललं नाही.

"काढ त्याला बाहेर!" मॅनेजर ओरडले. मी वरात पुन्हा लावली.

नोकरी वाचली, महिनाभराच्या सुट्ट्या गेल्या. पुढच्या शनिवारी सुमन एकटीच जिना चढून आली. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

नव्या ऑपरेटरांना मी नेहमी सांगायचो, डब्यावरचे नंबर पाळा. ते ऐकून ती आतल्या खोलीत हसायची. गेल्या वर्षी ती गेली. आता हसणारं कोणी नाही, पण नंबर पाळावेत हे खरंच.