हिमालयाची गाडी सिद्धेश्वरच्या चिखलात

हिमालय बघण्यासाठी आम्ही जी गाडी तयार केली, ती हिंगोलीहून सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत गेली आणि तिथून ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून परत आली. (हिमालय जागेवरच आहे. चौकशी केली.)

मी जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला. खिंडींची नावं झोपेतही सांगेन. पण रिटायर होईपर्यंत औंढ्याकडचे डोंगर सोडले तर दुसरा डोंगर मी जवळून पाहिला नव्हता. अशात आमचा मुलगा निखिल बंगळूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, एखादी जुनी फोर बाय फोर घेऊ. वर तंबू, मागं किचन. त्यातच राहायचं, त्यातच झोपायचं. आपण तिघं हिमालयात जाऊ."

आईबापाशी फोनवर काय बोलावं हे सुचेनासं झालं की पोरं जे काही बोलतात, त्यातलंच हे एक वाक्य होतं. मला ते कळायला गाडी विकत घ्यावी लागली.

वारंगा फाट्याजवळ एका ठेकेदाराकडं जुनी जीप होती. तिनं आयुष्यभर सिमेंट वाहिलं होतं. एक दार लावलं की दुसरं उघडायचं.

"गुरुजी, चारी चाकं ओढतात हिची," ठेकेदार म्हणाला. "विहिरीत पडली तरी वर येईल!"

"पडून वर आलेलीच दिसून राहिली," आमची शोभा म्हणाली. शोभा म्हणजे माझी बायको. तिला या प्रकरणात पहिल्या दिवसापासून सगळं दिसत होतं. मला मात्र फक्त हिमालय दिसत होता.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडी सजवायला घेतली. व्हिडिओतले लोक परदेशातून सामान मागवतात. आमच्याकडं मांडववाला होता. टपावरचा तंबू त्यानंच शिवून दिला, त्याच्याकडच्या शिल्लक कापडातून. लालपिवळा, चारी बाजूंनी झालर! तंबू उभा केला की गल्लीतले लोक विचारायचे, "गुरुजी, लगीन कोणाचं?"

मागं किचन केलं. व्हिडिओत म्हटलं होतं की खडबडीत रस्त्यावर सामान हलता कामा नये. म्हणून मी घरातली शेगडी, मसाल्याचा डबा आणि पोळपाट नेऊन गाडीत नटबोल्टनं पक्के बसवले. निखिलची रजा पुढं ढकलली गेली तेव्हा ते परत काढायचा मला कंटाळा आला. परिणामी शोभाला पोळ्या लाटायला अंगणात, गाडीच्या मागं उभं राहावं लागायचं.

"शेजारच्या बाया विचारून राहिल्या, घर भाड्यानं दिलं का म्हणून!" ती म्हणायची.

"थोडे दिवस. निखिल आला की निघायचंच आहे."

"तो येनार कवा?"

तो दिवाळीला येणार होता, मग ऑफिसचं काम निघालं. संक्रांतीला येणार होता, मग मित्राचं लग्न निघालं. तो न येण्याची बातमी आली की मी गाडीला काहीतरी नवीन बसवायचो. एकदा जादा बॅटरी. एकदा टपावर चढायची शिडी. शेवटी पाण्याची मोठी टाकी आणली आणि गॅरेजवाल्या सलीमभाईला म्हटलं, ही गाडीच्या पोटाखाली बसवा.

सलीमभाईनं खाली वाकून पाहिलं. "गुरुजी, बीच में ये डंडा आ रहा है."

"कसला दांडा?"

"इंजन की ताकत आगे के चक्कों को देता."

"आणि मागच्या चाकांना?"

"उनका डंडा अलग है."

"मग चालते की गाडी! काढा हा."

"सोच लो, गुरुजी. बाद में मेरे नाम से बोलना नहीं."

मी विचार केला. (तिथंच उभ्याउभ्या केला.) दांडा निघाला, टाकी बसली. वर गाडीचं वजन कमी झालं म्हणून मी खूश! घरी येऊन तो दांडा मी न्हाणीघरामागं ठेवला.

निखिल आला तो फेब्रुवारीत, शनिवार-रविवार जोडून. गाडीभोवती त्यानं एक चक्कर मारली. तंबूची झालर हातात धरून बघितली.

"बाबा, तुम्ही खरंच केली?"

"मग! कधी निघायचं?"

"नाही हो, आता नाही जमणार. परवा सकाळी मीटिंग आहे." माझं तोंड बघून तो घाईनं म्हणाला, "जवळपास कुठं जाऊन येऊ ना. ट्रायल!"

म्हणून सिद्धेश्वर.

औंढ्याच्या रस्त्याला लागलो आणि वाऱ्यानं टपावरच्या तंबूचा पट्टा तुटला. तंबू आपोआप फुलला. लालपिवळा मांडव घेऊन आमची जीप हायवेनं धावतेय आणि आम्हाला पत्ताच नाही! एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "काका, वऱ्हाड मागं राहिलं का?"

निखिल इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. शोभाही हसली. मीही हसलो. त्या हसण्यावर माझा वर्षभराचा खर्च वसूल झाला, असं मला वाटलं. मी नेहमीच घाईनं हिशेब करतो.

धरणावर पोचलो. पाणी बरंच मागं सरलं होतं आणि काठाला गुळगुळीत काळी जमीन उघडी पडली होती. शोभानं मागचं झाकण उघडून पोह्यांची फोडणी टाकली. निखिलला पाण्यालगत गाडीचा फोटो हवा होता.

"आई, तू चालू ठेव. मी हळूच पुढं घेतो."

ती कढई धरून मागं चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर मागची चाकं भसकन आत बसली.

"टेन्शन नाही!" निखिल म्हणाला. "फोर बाय फोर कशासाठी घेतली?" त्यानं रुबाबात चारी चाकं जोडायची लहान दांडी ओढली आणि अ‍ॅक्सिलेटर दाबला. पुढची चाकं शांत राहिली. मागच्या चाकांनी मात्र सगळा चिखल उचलून शोभाच्या अंगावर आणि पोह्यांवर टाकला.

"निख्याऽऽ!"

निखिल उतरला, चिखलात आडवा झाला आणि गाडीखाली बघत राहिला.

"बाबा, पुढचा शाफ्ट कुठंय?"

"म्हणजे तो दांडा? घरी आहे."

"घरी? काहून?"

बंगळूरला गेल्यापासून त्याच्या तोंडून 'काहून' ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. फार वेळ नाही वाटलं.

"टाकी बसत नव्हती. पाण्याची. हिमालयात पाणी नाही मिळालं तर..."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग समोरच्या धरणाकडं पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

जवळच्या तांड्यावरचे एक भाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी झालरीकडं बघितलं, चिखलानं माखलेल्या शोभाकडं बघितलं.

"कुठं चालले होते, सर?"

"हिमालयात," मी म्हणालो.

"मंग इकडं काहून वळले?"

पहिल्या ओढीत बंपर ट्रॅक्टरबरोबर गेला आणि गाडी जागेवर राहिली. दुसऱ्या ओढीत गाडी निघाली, पण टाकी फुटली. हिमालयासाठी भरलेलं पाणी सिद्धेश्वरच्या धरणात गेलं. इंजिन काही चालू होईना. तसंच दोर बांधून हिंगोलीपर्यंत!

ट्रॅक्टरच्या मागं गाडी धिम्या गतीनं चालली होती. शोभा मागं वाळलेला चिखल खरवडत होती. निखिल मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "बाबा, मी तेव्हा सहज बोललो होतो."

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो गेला. दांडा पुन्हा बसवून घेतला, पण नंतर निखिलनं विषय काढला नाही, मीही नाही.

मे महिन्यात शोभाच्या मोबाइलवर फोटो आले. निखिल, त्याचे मित्र आणि मागं बर्फाचे डोंगर. पाठोपाठ फोन.

"बाबा, तुम्ही सांगायचे ना, त्या खिंडीत उभा आहे मी! मस्त आहे!"

"गाडी कोणती नेली?"

"भाड्यानं घेतली, साधीच. इथवर चांगला रस्ता आहे हो. परभणीचे एक आजी-आजोबा भेटले आत्ता, ते तर बसनं आलेत."

आवाज तुटला. मी मोबाइल शोभाच्या हातात दिला.

"काय म्हनला?"

"रस्ता फार बेकार आहे म्हणतो," मी म्हणालो. "बरं झालं आपण गेलो नाही."

शोभानं फोटो बोटांनी मोठा केला. निखिलच्या पायाखाली काळाकुळकुळीत, गुळगुळीत डांबरी रस्ता होता. तिनं तो बराच वेळ बघितला.

"व्हय," ती म्हणाली. "दिसून राहिलं."