वेबसाइटसाठी जिवंत माणूस पाहिजे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. मंचरला सतीशच्या फ्लेक्सच्या दुकानात चहाला बसलं की एक निघतो, तो संपायच्या आत दुसरा निघतो, आणि घरी उशीर झाला म्हणून बोलणी बसतात ती वेगळीच. गेल्या वर्षी माझी वेबसाइट झाली. एक वेबसाइट! पण तिच्यापायी एवढे किस्से साठलेत की आता ती बंद पडली तरी चालेल असं कधीकधी वाटतं. दमले हो मी.

मी वंदना, अवसरी बुद्रुकची. ऑइल पोर्ट्रेट काढते. व्हायचं होतं शाळेत ड्रॉइंगची बाई, ते जमलं नाही. लग्नानंतर लवकरच सासरे, म्हणजे मामा, गेले. त्यांचं चित्र मी फोटोवरून काढलं, वर्षश्राद्धाला सगळ्या पाहुण्यांनी ते पाहिलं, आणि तिथून ऑर्डरींची जी रांग लागली ती गेलेल्या माणसांचीच. आमच्या जुन्नर-आंबेगावात हे ठरलेलंच आहे. जिवंत माणसाचा लागतो फ्लेक्स, वाढदिवसाला. हाताने काढलेलं चित्र लागतं ते माणूस गेल्यावर, हारासकट.

मामांचं ते चित्र अजून आमच्या दारावर आहे. इतकं उंच, की हार घालायला सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, स्टुलावर चढावं लागतं. जरा खाली घेऊ का, असं मी एकदा विचारलं. आत्या म्हणाल्या, "नको. त्यांना खाली बसायची सवय न्हाई!"

•

लोक फोटो काय काय आणतात विचारू नका. आधार कार्डाची झेरॉक्स, लग्नाच्या ग्रुप फोटोत बँडवाल्याच्या खांद्यामागून दिसणारं अर्धं कपाळ, मतदानाची पावती. त्यातून मी माणूस उभा करायचा.

एक भाऊ आले. वडिलांचा एकच धड फोटो होता, त्यात म्हातारबाबा छातीशी शेळीचं करडू धरून हसत होते. मला फोटो फार आवडला. म्हटलं, "भाऊ, करडू राहू द्या. हात रिकामे बरे दिसणार नाहीत."

तो माणूस खुर्चीतून ताडकन उठला.

"नको, नको, ताई! ती शेळी अजून हाय. दूध देतीय!"

•

तर वेबसाइट कशाला? पुण्याला भाचीच्या लग्नात एक बाई भेटल्या. पुण्यातली हौशी माणसं आपल्या मुलांची, आईवडिलांची चित्रं समोर बसवून काढून घेतात, आणि ह्या बाई त्यांना चित्रकार शोधून देतात. म्हणाल्या, "तुमची वेबसाइट पाठवा, बघते."

त्या रात्री मला झोप आली नाही. जिवंत माणसं! समोर बसणारी, बोलणारी, डास मारणारी! इतकी वर्षं मी गेलेल्या माणसांचे मिटलेले डोळे उघडत बसले होते. मला एवढं एकच काम हवं होतं, बाकी काही नको.

सतीशला विचारलं तर म्हणाला, "वेबसाइट ना? करतो की. फ्लेक्सच तो, फक्त छापायचा नाय."

चार दिवसांनी बघायला गेले. पडद्यावर झेंडूची तोरणं, दोन बाजूंना समया, मधे सोनेरी अक्षरात 'सौ. वंदनाताई', आणि खाली गोल गोल चौकटीत गॉगल घातलेली माणसं.

"हे कोण रे?"

"शुभेच्छुक."

"अरे, वेबसाइटला शुभेच्छुक नसतात!"

"मंग ताई, लोकांना कळनार कसं तुमच्या मागं मानसं हायेत?"

काढायला लावले सगळे. संध्याकाळी त्यातल्या एकाचा मला फोन आला, आवाज अगदी पडलेला. "ताई, आमचा फोटो काढला म्हनं. आमचं काय चुकलं?"

•

आता गॅलरीत चित्रं टाकायची, तर माझी सगळी चित्रं लोकांच्या भिंतींवर. मग काय, घरोघर जाऊन त्यांचे फोटो काढणं आलं. एसटीने, जीपने, कधी आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर दुधाच्या कॅनांच्या मधे बसून.

मढच्या बाजूला डोंगराकडेला एक घर आहे. भाताची दोन खाचरं, थोडी नाचणी, आणि घरात एकटी म्हातारी. तिच्या मालकांचं चित्र मी काढलेलं. म्हटलं, "आजी, बाबांना वेबसाइटवर न्यायला आलेय." ती बरं म्हणाली आणि आत गेली. आली ती ताट वाढूनच. भात, पिठलं, भाकरी. ताट चित्रासमोर ठेवलं आणि मला म्हणाली, "लांब न्ह्यायचंय ना त्यांना? जेवून जाऊ द्या."

मी थांबले. बऱ्याच वेळाने म्हातारीने ताट उचललं. "झालं त्यांचं. न्या आता."

मी मोबाइल वर केला, फोटो काढला, पर्समध्ये ठेवला. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"अगं बया, ह्ये तर हितंच हायेत! उगी लवकर जेवायला घातलं."

•

गॅलरी लागली. लागल्या दिवशीच दुकानात एक जण तणतणत आला. आमच्याच गावचे बबनराव आणि किसनराव, दोघेही गेले. शेताला शेत लागून, आणि बांधावरून उभा जन्म भांडले. मला बापडीला काय सुचलं कोण जाणे, दोघांची चित्रं गॅलरीत शेजारी शेजारी लागली होती.

"आमच्या वडलांनी हयातीत त्याच्याकडं पाठ केली व्हती," बबनरावांचा मुलगा म्हणाला, "आन तुमी मांडीला मांडी लावून बसवलं?"

सतीशने किसनरावांना खालच्या ओळीत नेलं. तर मोबाइलवर सगळी चित्रं एकाखाली एक येतात. किसनरावांचा मुलगा आला. "मंग वर कोन हाय? बबन? नाय चालायचं!"

उलट केलं की पहिला यायचा, पुन्हा उलट केलं की दुसरा. शेवटी सतीशने डोकं लढवून असं केलं की पान उघडावं तसा क्रम आपोआप बदलेल. आता दोन्ही पोरं सकाळी उठल्या उठल्या आपापले वडील वर येईपर्यंत वेबसाइट उघडतात आणि बंद करतात.

सतीश मला म्हणतो, "ताई, तुमच्या साइटला गर्दी लई वाढलीय, राव!"

•

'चित्रकाराविषयी' असं एक पान असतं. त्यात माझा फोटो टाकला. बरा होता, केसांत गजरा होता. आजूबाजूला सगळे गेलेले, मधे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओतूरहून मामेसासऱ्यांचा ह्यांना फोन आला. ते रडतच होते. "भाचेबुवा, आमाला कळवायचं तरी! लई गुनाची पोर व्हती. हात काय, बोलनं काय! तशी सून आता मिळनार न्हाई."

आमचे हे डेअरीवर दूध मोजून आलेले, अंघोळही झाली नव्हती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात डोकावले आणि फोनवर म्हणाले, "मामा, अजून हाय ती. चहा करतीय."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग मामेसासरे म्हणाले, "बरं, बरं. मंग ऱ्हाऊ द्या."

माझं एवढं कौतुक सासरच्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं. तेही मागे घेतलं.

•

पुण्याच्या बाईंनी वेबसाइट पाहिली. त्यांचा निरोप आला, आणि खरं सांगते, तो वाचून मी मोरीत जाऊन रडले. त्यांनी लिहिलं होतं, "हात छान आहे. पण ही सगळी माणसं फोटोतली वाटतात. समोर बसवून काढलेलं एक तरी चित्र पाठवा, मग काम देते."

एक! पण ते एक आणायचं कुठून? कोण बसणार माझ्यासमोर?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "मला उद्या डेअरीवर जायचंय." जसं काही चित्र काढलं की डेअरी चुकणार होती. सतीश म्हणाला, "ताई, आई मला घरात घ्यायची न्हाई." भीमाशंकरला गेले, तिथे एक बेलफुलं विकणारी बाई फार सुंदर बसली होती. कागद काढला, नाक-डोळे होतायत तोवर शेजारणीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने पदर डोक्यावरून थेट तोंडावर ओढला आणि आतूनच विचारलं, "फुलं पायजेत का?"

शेवटी आमच्या आळीतले आप्पा तयार झाले. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, कुणाला भ्यायचे नाहीत. पहिला दिवस झकास बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना सर्दी झाली. नुसती सर्दी! पण आख्ख्या आळीत झालं, "वंदनाचं चित्र लागलं आप्पांना." त्यांची मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, परवापासून मानूस शिंकतोय नुसता. तेवढं नाक पुसून टाका चित्रातलं!"

मी पुसलं. काय करणार?

•

पुढे पुण्याचं काम मिळालं, हे आत्ताच सांगून टाकते. आता महिन्याकाठी एकदोन जिवंत माणसं समोर बसतात, मोबाइल बघतात, हलू नका म्हटलं की हमखास हलतात. फार दमवतात. पण ते ज्या चित्रामुळे मिळालं, त्याचं ऐका.

आप्पांचं नाक पुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर ईझल आवरत होते. कायमचाच आवरत होते. पुण्याच्या बाईंना नाही म्हणून कळवायचं, हे ठरलं होतं. तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं, आणि मागे फरफटत आणलेली मामांची खुर्ची. मामा होते तोवर आत्या त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. ते खुर्चीत आणि ह्या खाली, उंबऱ्याशी. मामा गेल्यावरही त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या तेवढ्या ठेवत होतो.

आत्यांनी खुर्ची उजेडात ठेवली आणि बसल्या.

"काढ."

म्हटलं, "आत्या, लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे. मी गेल्यावर तू काढनारच हायेस, त्या आधार कार्डावरनं. त्यात मी भ्यालेली हाय. आत्ताच काढ, नीट बगून."

रोज सकाळी बसायच्या. बसायच्या म्हणजे नुसतं बोलायच्या. दूधवाल्याला रागावायच्या, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून त्याच्या सुनेची चौकशी करायच्या. म्हटलं, "आत्या, जरा तोंड मिटा, ओठ काढतेय."

"जित्तं मानूस पायजे ना तुला? मंग बोलू दे की!"

तसंच काढलं. तोंड उघडं, पुढचे दोन दात नाहीत, एक हात कुणाला तरी दटावायला वर. इतक्या वर्षांत मी काढलेल्या चित्रांत हे पहिलं, ज्यातलं माणूस माझ्याकडे बघत होतं. आत्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "हां," म्हणाल्या, "ही मीच हाय." मला तिथेच रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडतीस काय? मी हाय अजून!"

मग हट्टच धरला, वेबसाइटवर कुठे बसवतात ते बघायला मंचरला यायचंच. गेलो. सतीशने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, चित्र चढवलं.

"आजी, बाबांच्या शेजारी टाकू?"

"टाक."

पडद्यावर दोघं शेजारी शेजारी आले. मामा कॉलर ताठ करून, आत्या तोंड उघडून. आत्या बघत राहिल्या. पण बबनराव-किसनरावांचं प्रकरण आख्ख्या गावाला ठाऊक झालेलं. त्यांनी सतीशला विचारलं, "आन मोबाइलवर कसं दिसतं?"

"मोबाइलवर एकाखाली एक येनार, आजी. एक वर, एक खाली. बाबांना वर ठिवतो."

आत्यांनी पडद्यावरच्या मामांकडे पाहिलं. पदर सारखा केला.

"न्हाई. मला वर ठिव. आन ते बदलत ऱ्हायचं नको, फिक्स ठिव. त्यांना बगू दे जरा मान वर करून."