तीन मिनिटांचं प्रास्ताविक

टेबलावरचा लाल दिवा लागला तेव्हा मी समितीच्या शेवटच्या सदस्याचे आभार मानत होतो. मूळ मुद्दा अजून दीड पान लांब होता.

"थँक यू, सर. तुमची वेळ संपली," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पण मॅडम, मी अजून विषयाला हातच घातलेला नाही."

"ते आमच्या लक्षात आलंय," त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी कागद गोळा केले आणि जागेवर येऊन बसलो. माझी बॉस कॅरल माझ्याकडे बघत नव्हती. ती छताकडे बघत होती.

ही गोष्ट २००४ सालची. मिशिगनमध्ये, नोव्हायच्या आसपासच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मी डेटा अ‍ॅनालिस्ट होतो. इथे एका गावाच्या सगळ्या सरकारी शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो, आणि मुलांच्या मार्कांचे तक्ते बनवणं हे माझं काम. तक्ते कधी उलटून बोलत नाहीत, त्यामुळे मला ते काम मानवलं होतं.

त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळात एक बिल आलं, म्हणजे कायद्याचा मसुदा. वाचनाची परीक्षा आधीपासून होतीच. आता तिच्या मार्कांवर शाळेचा दर्जा ठरणार होता. लागोपाठ दोन वर्षं दर्जा घसरला, की शाळेतले शिक्षक बदलायचे.

आमच्या एका शाळेला यात धडकी भरली होती. गाड्यांच्या कंपन्यांत येणाऱ्या इंजिनियरांची मुलं त्याच शाळेत यायची. कुणी पुण्याहून, कुणी नागपूरहून, कुणी जपानहून, आणि तीही वर्षाच्या मध्येच. अशा मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या मिसेस लिंडग्रेन तिथे सोळा वर्षं होत्या. नव्या मुलांचे मार्क धरले, तर शाळा नापास होणार आणि सगळ्यात आधी त्यांचीच खोली रिकामी होणार, हे माझ्याच तक्त्यात दिसत होतं.

आमची मागणी एका ओळीची होती. नव्यानं आलेल्या मुलांना पहिली दोन वर्षं या परीक्षेतून वगळा. बिलात अशी दुरुस्ती करून घ्यायला विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष द्यायची असते. कोर्टातली नव्हे. आपलं नाव पुकारलं की माइकसमोर बसायचं आणि तीन मिनिटांत म्हणणं मांडायचं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. लाल लागला की उठायचं.

"मागणी आधी सांग," कॅरलनं मला बजावलं होतं. "पहिल्या वाक्यात."

मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, हिला सभेची रीत काय कळणार! मी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा बारा वर्षांचा कायमस्वरूपी सूत्रसंचालक. गणपती असो, संक्रांत असो, माइक माझ्याकडे. व्यासपीठावरच्या मान्यवरांचा नामोल्लेख न करता थेट मुद्द्यावर येणं म्हणजे पंगतीत वरणभात वाढायच्या आधी ताक वाढण्यासारखं. समितीच्या अकराही सदस्यांची नावं मी पाठ केली. कोण कुठल्या भागातून निवडून आलंय आणि शिक्षणासाठी त्यानं काय केलंय, हेही शोधून काढलं. आदल्या दिवशी बायकोला सगळं भाषण म्हणून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण शाळेचं कधी येतं?"

"येतं गं. आधी वातावरणनिर्मिती नको का?"

माझ्यानंतर बोलायची होती सविता. ती नागपूरची. जानेवारीत नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली होती, आणि तिची नऊ वर्षांची ओवी मिसेस लिंडग्रेनच्या वर्गात होती. एखादी पालक हवी म्हणून मीच तिला गळ घातली होती.

"मकरंददादा, मला नाही जमणार हो," ती येताना गाडीत म्हणाली. "माझं इंग्लिश असं अडखळत अडखळत."

"तू दोनच वाक्यं बोल. बाकीचं मी सांभाळतो," मी ऐटीत म्हणालो.

आता ती माइकसमोर बसली होती आणि तिच्यामागे मी, सांभाळून झालेला. तिनं कुणाचेही आभार मानले नाहीत. तिला तेवढं इंग्रजी येतच नव्हतं.

"माझी मुलगी जानेवारीत आली," ती म्हणाली. "नागपूरला ती जाड पुस्तकं वाचायची. इथे थोड्या आठवड्यांत ही परीक्षा. तिनं पेपरवर नाव लिहिलं. छान अक्षरात. मग एक तास नुसती बसली. टीचरनं मदत करायची नाही, असा नियम आहे. टीचर रडली. मुलगी घरी येऊन मला म्हणाली, आई, मी ढ झाले का?"

तिला थांबावं लागलं. तो 'ढ' तिनं मराठीतच म्हटला होता. दिवा अजून हिरवा होता.

डावीकडच्या एका पांढऱ्या मिशांच्या सदस्यानं विचारलं, "तो शेवटचा शब्द काय होता?"

सवितानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो.

"तुम्ही सांगा," अध्यक्षबाई मला म्हणाल्या. "कुणाचेही आभार न मानता."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग मी सांगितलं, की ज्या मुलाला काहीच येत नाही आणि येणारही नाही असं वर्गानं ठरवून टाकलंय, त्याला आम्ही तसं म्हणतो. आणि ही मुलगी तिच्या नागपूरच्या वर्गात पहिली यायची. एवढंच बोलून खाली बसलो. ते गृहस्थ काहीतरी लिहून घेत होते. मला त्या वेळी स्वतःची खरोखर लाज वाटली. माझ्या पिशवीत सहा रंगीत तक्ते तसेच पडून होते.

पुढच्या आठवड्यात दुरुस्ती मंजूर झाली. आम्ही दोन वर्षं मागितली होती, एक मिळालं. मिसेस लिंडग्रेनची खोली वाचली. कॅरलनं माझ्या मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'मागणी आधी'. ती मी नोकरी सोडेपर्यंत काढली नाही.

डिस्ट्रिक्टच्या रीतीप्रमाणे समितीला आभाराची पत्रं पाठवायची होती. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. अकरावं पाकीट बंद करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विरोधात मत देणाऱ्या तिघांचेसुद्धा मी दोनदा आभार मानले होते. एकदा तोंडी, एकदा लेखी. जिनं काम केलं, तिचे एकदाही नाही.

शनिवारी सविताकडे गेलो. ओवी डायनिंग टेबलाशी इंग्रजी पुस्तक वाचत होती, ओळीखाली बोट धरून. सविता स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी घसा खाकरला. "सर्वप्रथम..."

"दादा," ती म्हणाली, "पोहे गार होतात."

ओवीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "काका, मॉम सेज यू टॉक टू लाँग."

"बरोबर सांगते ती," मी म्हणालो. आणि सविताला म्हणालो, "तुझ्यामुळे झालं."

दोनच शब्द होते. माझ्या आजवरच्या भाषणांत तेवढंच एक मुद्द्याचं.