दुपारच्या झोपेचा तास

"मी हाय हितंच," एवढं म्हणून आमचे पहिलीचे गुरुजी दारात बसायचे. पाठ चौकटीला, पाय लांब पसरलेले. तरुणपणी कुस्त्या केलेला तो देह अर्धं दार अडवून टाकायचा. आत बस्करपट्ट्यांवर पहिलीचा सगळा वर्ग दप्तरं उशाला घेऊन आडवा झालेला असायचा.

तुम्ही म्हणाल, वेळापत्रकात झोपेचा तास कुठे असतो? नसतोच. आष्ट्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही नव्हता. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. माझ्याकडे चौथी होती. चौथी आणि पहिली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत होती आणि तिला चांगल्या बोटभर भेगा होत्या. मी शिष्यवृत्तीची गणितं घालत असायचे आणि पलीकडून घोरणं ऐकू यायचं. ते पोरांचं की गुरुजींचं, यावर माझ्या वर्गात पैजा लागायच्या. मला भारी राग यायचा.

एकदा मी विचारलंच, "गुरुजी, पहिलीला शिकवायला एवढं पडलंय आणि तुम्ही झोपवता काय त्यांना?"

"बाई, झोपल्याबिगर शिकवू कशावर?" ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतात. मग एका दुपारी भेगेला कान लावला. पोरं डोळे चोळत उठली होती आणि गुरुजी विचारत होते, "सांगा, कुणाला काय दिसलं?"

"गुरुजी, रेडकू दिसलं. आमच्या कौलावर चढलेलं."

"किती रेडकं?"

"दोन."

"बरं. एकानं खाली उडी मारली. वर किती राह्यली?"

"उडी न्हाई मारली गुरुजी. दोन्हीबी वरच हायत."

गुरुजींनी जरा विचार केला. "मग दोनच. बरोबर हाय तुझं."

मग रेडकू कौलं खातं का, यावर वर्ग पेटला. कडबा, उसाचं वाडं, पेंड अशी ओरड झाली. परिसर अभ्यास झाला म्हणायचा. मग फळ्यावर रेडकाचा 'र' आला. मग पाट्यांवर रेडकं उतरली, त्यातल्या काहींना सहा पाय होते. शेवटी त्या रेडकांवर गुरुजींनी जागच्या जागी एक गाणं जुळवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हटलं. भाषा, गणित, चित्रकला, संगीत, सगळं त्या कौलावरून खाली उतरलं. माझ्या चौथीतली पोरं गणितं सोडून भेगांना डोळे लावून बसली होती. मी त्यांना रागावले नाही, कारण मधली मोठी भेग मीच अडवली होती.

त्या वर्षी जूनमध्ये सारिका आली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या आणि ओठ मिटलेले. दुपारी सगळे आडवे झाले की ही ताठ बसायची. स्वप्न सांगायची पाळी आली की म्हणायची, "मी झोपली न्हाई." गुरुजी म्हणायचे, "असू दे. घाई हाय का कुणाला?"

एक दिवस तिची चुलती तिला न्यायला आली. दारातच थांबून बोलली. "आवं गुरुजी, दुपारची ही झोपली होती, तवाच हिच्या आईला जीपमधनं सांगलीला दवाखान्यात न्हेलं. ती माघारी आलीच न्हाई. तवापासनं दिवसाउजेडी डोळा लावत न्हाई पोरगी. रातीबी माझा पदर मुठीत धरून असती."

गुरुजी कुस्तीत चुरगळलेला आपला कान चोळत उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं घोरणं बंद झालं. पोरं झोपली की पूर्वी ते कधी पाणी प्यायला उठायचे, कधी ऑफिसात चहाला जायचे. आता हलेनात. हेडमास्तरांनी चहाला हाक मारली की निरोप जायचा, "सांगा, गुरुजी बसल्यात." शेवटी त्यांचा कप मीच दारात नेऊन द्यायला लागले. ते कुजबुजत म्हणाले, "बाई, तिनं कवाबी बघितलं तर मी दिसलो पायजे."

पावसाळा असाच गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी फळीवर हलकी टकटक झाली. भेगेतून पाहिलं, तर गुरुजींनी बोट ओठांवर ठेवलं होतं आणि डोळे भरून आले होते. सारिका कुशीवर झोपली होती. चौथीला मी पाढे मनातल्या मनात म्हणायला सांगितले.

ती उठल्यावर गुरुजींनी विचारलं, "सारिका, काय दिसलं गं?"

"तुमी."

"मी काय करत हुतो?"

"बसला हुता."

वर्ग खो खो हसला. गुरुजींनी त्या दिवशी फळ्यावर 'ब' काढला.

संक्रांतीनंतर त्यांच्या बदलीचा कागद आला. ते वाईकडचे. घरी बायको आणि म्हातारे वडील. साताऱ्याला बदली मिळावी म्हणून ते कितीतरी वर्षं वाट बघत होते. कागद आला तेव्हा दुपार होती आणि पहिली झोपलेली होती.

हेडमास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, पोरं झोपलीत तोवर निघा. रडारड नको. साताऱ्याची गाडीही सापडेल."

"न्हाई सर. झोपंत न्हाई जायचं," गुरुजी म्हणाले आणि दारात जाऊन बसले. गाडी गेली. ते बसूनच राहिले.

पोरं आपापली उठली. गुरुजींनी सगळ्यांना बदलीचं सांगितलं, सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सारिकासमोर मांडी घालून बसले.

"तू जागी हायस न्हवं? नीट बघ. मी आता माझ्या गावाला चाललोय."

"परत कवा येणार?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण ते म्हणाले, "हितं शिकवायला आता न्हाई येणार गं. पर मी हाय. हितं नसलो तरी तिकडं हाय."

ती त्यांची छत्री धरून फाटकापर्यंत गेली. रडली, खूप रडली, पण नजर हलवली नाही. ते वळणापर्यंत उलटे चालत गेले, आपलं तोंड तिला दिसावं म्हणून. एवढा मोठा माणूस रस्त्यावरून उलटा चालताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. गुरुजीही मला परत कधी भेटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिली माझ्याकडे आली. मधली सुट्टी झाली आणि न सांगता सगळी पोरं आडवी झाली. मी चौथीला गणितं घालून दिली आणि दारात बसले. "मी आहे इथेच," म्हटलं. माझं मलाच ते परकं वाटलं.

सारिका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, जायचं झालं तर मला उठवा." आणि दप्तरावर डोकं ठेवून तिनं डोळे मिटले.

थोड्या वेळानं हेडमास्तरांनी ऑफिसातून चहाला हाक मारली. चौथीतल्या एकीला मी खुणेनं जवळ बोलावलं.

"सांग, बाई बसल्यात."