मरसियाची तालीम

आमचे हे दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा आतल्या खोलीत चहा पीत होते.

त्याचं असं झालं. आमची नात ऋचा एका नाटकमंडळीत आहे. ही मंडळी इकडच्या लोकगीतांवर, चालीरीतींवर नवी संगीत नाटकं बसवतात. गरबा झाला, भवाई झाली, आता मरसिया. म्हणजे माणूस गेला की बायका गोल उभ्या राहून, छाती बडवून त्याच्या नावानं गातात ते गाणं. लहानपणी बडोद्यातल्या आमच्या गल्लीत मी गुजराती शेजारणींबरोबर जाऊन ते शिकले. (शाळेत चौथीपर्यंतच गेले, रडायला मात्र पुष्कळ गेले.)

"आजी, शिकव ना आमच्या मुलींना," ऋचा म्हणाली. हॉल मिळेना, म्हणून रविवारी दुपारी तालीम आमच्याच मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये. ह्यांचं हृदय तेव्हा अगदी नाजूक झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांना कसलाही धक्का बसता कामा नये." मी म्हटलं, गाणंच तर आहे! आतलं दार लोटून घेतलं.

दहा मुली आल्या. ठसका लागलेल्या पोराची पाठ थोपटावी, तशा छाती थोपटत होत्या!

"जोरात! माणूस मेलाय!"

"पण आजी, कोण मेलंय?"

प्रश्न बरोबर होता. मरसियात मेलेल्याचं नाव लागतं, त्याचे गुण लागतात. मी 'मगनभाई' म्हणून पाहिलं. कंठच फुटेना. कोण हा मगनभाई? मग ह्यांचं नाव घेतलं. बावन्न वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. 'अहो' आणि 'ऐकलंत का' एवढ्यावर संसार झाला. (उखाणेसुद्धा चुकवले!)

"वसंता, तुझी खाट रिकामी रे, हाय हाय!"

(मरसियात नवऱ्याला अरे-तुरे चालतं. तेवढी एकच जागा.) असा सूर लागला की मुली खरंच रडू लागल्या. खिडक्या उघड्या होत्या.

थोड्या वेळानं चार-पाच बायका पांढऱ्या साड्या नेसून आत आल्या. मला धड दिसत नाही. वाटलं, मंडळीनं आणखी नट्या पाठवल्या, कपड्यांसकट! शिवाय मुलींपेक्षा या कितीतरी बऱ्या रडत होत्या. मी हात धरून त्यांना गोलात घेतलं. "बघा गं, असं बडवायचं!"

दारात सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून उभे. त्यांनी शववाहिनीला फोन केला होता, आणि नंदेसरीच्या कारखान्यात माझ्या पुतण्यालाही. तासाभरात तो पाळी सोडून आला आणि हेल्मेटसकट माझ्या गळ्यात पडला.

"काकू, असं कसं झालं गं!"

हा नाटकात कधी लागला, म्हणून मी गाणं थांबवलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं. हे काठी टेकत बाहेर आले, हातात रिकामा कप.

"कोण गेलं?"

वरच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेन किंचाळल्या. सेक्रेटरी चाचरत म्हणाले, "काका... तमे... तुम्हीच."

हे मटकन खुर्चीत बसले. चेहरा खडूसारखा. डॉक्टरांचं बोलणं मला आत्ता आठवलं! पाणी घेऊन धावले.

"तू माझं नाव घेतलंस?"

"गाण्यात घेतलं. छातीत दुखतंय का, ते सांगा!"

"बावन्न वर्षांनी! त्यासाठी मरावं लागलं." पाणी प्यायले. मग म्हणाले, "थांबलीस का? माझी रेल्वेतली नोकरी राहिली. ती घाल."

घातली. बायका पुन्हा रडल्या. शववाहिनी रिकामी परत गेली.

चार महिन्यांनी हे खरोखर गेले. सकाळी, चहाच्या आधी. (या वेळी सेक्रेटरींनी आत जाऊन स्वतः पाहिलं, मगच फोन केला.) त्याच पांढऱ्या साड्या आल्या, त्याच दहा मुली आल्या. सगळ्या गोल उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी तोंड उघडलं. सूर नाही, नाव नाही. "अहो," एवढंच निघालं.

ज्योत्स्नाबेन शेजारणीच्या कानाला लागल्या. मला दिसत नसलं तरी ऐकू चांगलं येतं.

"तालमीत केवढं सरस रडल्या होत्या!"